भांडलेल्या माणसांची आग

१२ नोव्हेंबर

दादा,

फाडायचं असेल तर वाचून फाड. फोन तू उचलत नाहीस, आणि ई-मेल केली की तुझ्या वनखात्याकडून आपोआप उत्तर येतं, हे अधिकारी निवृत्त झाले आहेत. म्हणून कागदावर उतरले. वहिनी हे पत्र तुझ्या चहाच्या कपाखाली ठेवणार आहे, तसं आमचं ठरलंय, तेव्हा तिच्यावर डाफरू नकोस.

मला सापडलंय! इतकं मोठं सापडलंय की काल न्यायालयाच्या तळघरातल्या झोपाळू रखवालदाराला मिठी मारायचं तेवढं बाकी ठेवलं. आणि गंमत बघ, अख्खं विद्यापीठ पडलंय सांगायला, पण सांगावंसं वाटलं ते तुलाच. आपला अबोला आहे हे मी विसरलेले नाही. त्या लेखातलं एक अक्षर मी मागे घेत नाहीये. 'झाडं लावली आणि पठार मारलं' हा मथळा संपादकाचा, पण खालचा मजकूर माझाच. तुझ्या निरोपसमारंभाच्या आठवड्यात तो छापून आला, ते वाईट झालं. मजकूर मात्र खराच होता. संपलं, आता ऐक.

पठार मी तुला काय सांगायचं, तुझी निम्मी नोकरी तिथे वणवे विझवण्यात गेली. पण जमीन-समितीपुढचा दावा तुला खात्याच्या बाजूने माहीत असणार, म्हणून दुसरी बाजू सांगते. पठारावरची मूळ माणसं म्हणतात, हे गवत आमच्या खापरपणज्यांनी राखलं, तेव्हा जमीन आमची. खातं म्हणतं, गवत आपोआप उगवतं, त्याला राखायचं काय असतं? ओसाड जागा आहे. कुंपण घालू, झाडं लावू, आणि माणसांना खाली हमरस्त्यालगत एकसारख्या खोल्या बांधून देऊ. सुनावणी डिसेंबरात आहे. लोकांच्या बाजूने जाणकार साक्षीदार एकच, इतिहासाची अभ्यासक, म्हणजे मी. मी तोंडावर आपटले तर ती माणसं खाली येतील, आणि असं खाली आणलेलं माणूस पुन्हा वर गेल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही.

तर सापडलं काय? न्यायालयाच्या तळघरात गवताला आग लावल्याचे जुने खटले आहेत, ओळीने लोखंडी मांडण्या भरून. जवळजवळ दरसाल एक खटला, आणि प्रत्येकात आरोपी दोन. एकाला पठाराच्या या टोकाला जागेवर पकडलेलं, दुसऱ्याला त्या टोकाला. दोघं नेहमी भांडणाऱ्या घरांतले, आणि जबानीत एकमेकांच्या नावाने शंख करणारे. माझ्या आधीच्या सगळ्या विद्वानांनी, माझ्या सरांनीसुद्धा, लिहून ठेवलंय की पठारावर वैर फार, सूड म्हणून एकमेकांचं गवत जाळतात. मीही प्रबंधात तेच उतरवलं. तुला वाचून दाखवलं होतं, तेव्हा तू घोरत होतास.

पण दादा, गवत तर सगळ्यांचं एकच! वाटणी नाही, बांध नाही. सूड घ्यायला स्वतःचंच गवत कोण जाळेल? आणि यंदा हाडवैरी असलेली दोन घरं पुढच्या साली सोयरीक करतात, त्याचेही कागद आहेत. घोडं कुठे अडलंय ते कळेना, तेव्हा उठले आणि तडक वारेवालीकडे गेले.

वारेवाली म्हणजे वारा बघून आग लावायची वेळ ठरवणाऱ्या घरातली म्हातारी. दाव्यात पहिली सही तिचीच. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून काळा चष्मा घालते, स्वयंपाक करतानाही, कारण तो तिला शोभतो असं तिचं मत आहे. वारा ती बोट ओलं करून बघते आणि निम्म्या वेळा चुकते, पण चुकलं की वाऱ्याला शिव्या घालते.

"भांडणारीच माणसं कशी सापडायची हो पोलिसांना?" मी विचारलं.

"सापडायची कसली? आम्हीच उभी करायचो."

"भांडलेली?"

"मग काय मित्र उभे करू? मित्र गप्पा मारतात. याला वाटतं तो बघेल, त्याला वाटतं हा बघेल, तोवर आग गेली निघून! भांडलेलं माणूस समोरच्यावरची नजर काढत नाही. आपल्या बाजूने सुटली तर तो जन्मभर बोलून दाखवील, ही धास्ती. दोन टोकांनी आग चालत येते, मधे भेटते, खायला काही उरत नाही, मरते. मग त्या दोघांनी राखेतून मधोमध यायचं आणि एकमेकांशी एक वाक्य बोलायचं. एकच. काहीही चालतं."

मी तिच्या अंगणातच वही काढून भराभर लिहायला लागले. कळतंय ना तुला? ज्याला शंभर वर्षं वैर म्हणत आले, ती जमीन राखायची पद्धत होती! दर वर्षी, ठरल्या वेळी, ठरल्या माणसांनी केलेली मशागत. आणि तिची नोंद कोणी ठेवली? त्यांना शिक्षा करणाऱ्यांनीच!

एक जोडी मात्र माझ्या हिशेबात बसत नाही. एक भाऊ आणि त्याची बहीण. बहिणीचं नाव लिहायची कारकुनाला गरज वाटलेली नाही, नुसतं 'बहीण'. ही दोघं एका सालानंतर मिटवत नाहीत. पुढच्या साली पुन्हा तीच, त्याच्या पुढच्या साली पुन्हा तीच. असं कसलं भांडण असेल, जे विझतच नाही? वारेवालीला विचारलं तर तिने चष्मा सारखा केला आणि शेळीला हाक मारली.

बाबांचं ते हवेचा दाब दाखवणारं यंत्र अजून 'वादळ'वरच अडकलंय का? वाटणीत ते तुला गेलं, तेव्हापासून माझी भिंत ओकीबोकी दिसते.

तुझा,
भोंगा
(हे नाव तूच ठेवलंस, आता भोग फळं.)


२८ नोव्हेंबर

दादा,

वहिनी म्हणाली, पत्र दोनदा वाचलंस, दुसऱ्यांदा चष्मा पुसून. उत्तर नाही दिलंस. हरकत नाही, मला एकटीला बोलायची सवय आहे, लहानपणापासून तूच लावलीस.

आज चिखलाची गोष्ट! विद्यापीठात मातीवर काम करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही चिखलवाला म्हणतो. माणूस दिसला की त्यांची दातखीळ बसते आणि गाळ दिसला की जीभ सुटते. मी त्यांना म्हटलं, कागद शंभर वर्षं मागे जातात. खात्याचे वकील म्हणतील, त्याआधी कोण जाळत होतं, दाखवा. ते म्हणाले, तळं दाखवील. इतकंच बोलले आणि लाल झाले.

तर पठाराच्या मधोमध ते तळं आहे ना, जिथे तुझी जीप रुतली होती, त्यावर आम्ही पिंपांचा तराफा घातला. चिखलवाले, मी, आणि काठावर वारेवाली, सूचना देत. लांबलचक नळी तळाच्या गाळात दाबत न्यायची आणि हळूच वर ओढायची. ओढताना मी पाण्यात पडले. हसून घे. वारेवाली इतकी हसली की तिचा चष्मा पाण्यात गेला आणि तो काढायला मला पुन्हा उतरावं लागलं.

मग प्रयोगशाळेत लांब टेबलावर ती नळी उभी चिरली. दादा, चिखल असा असतो हे मला माहीत नव्हतं! तपकिरी, गुळगुळीत, आणि त्यात काळ्या रेघा, बारीक, एकाखाली एक, वहीच्या पानावर असतात तशा. प्रत्येक रेघ म्हणजे गवताची एक लहानशी आग. तिची काजळी तळ्यात उतरली, बसली, वर पुढच्या सालाचा गाळ आला. नळीच्या तळापर्यंत रेघा आहेत. खटल्यांच्या आधी, न्यायालयाच्या आधी, आपल्या सरकारच्या पणजोबांच्याही आधी! आणि सगळ्या बारीक. एकही आग हाताबाहेर गेलेली नाही. मी भिंग घेऊन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून चालत होते आणि मोठमोठ्याने ओरडत होते, आणि चिखलवाले, देव त्यांचं भलं करो, तेही ओरडत होते. शेजारच्या खोलीतून कोणीतरी येऊन विचारलं की काही गळती झाली आहे का.

या हातांनी मी आजवर फक्त कागद उलटले. काल पहिल्यांदा इतिहास माझ्या नखांत अडकला. घासूनही निघत नाहीये, आणि काढायची मला घाईही नाही.

नळीचा अगदी वरचा भाग, म्हणजे आपल्या आयुष्यातला, त्याबद्दल नंतर लिहीन. चिखलवाले बोलावतायत.

भोंगा


६ डिसेंबर

दादा,

दोन बातम्या वहिनीच्या एकाच फोनवर मिळाल्या. एक, खात्याने तुला साक्षीला बोलावलंय आणि तू हो म्हणालास. म्हणजे समितीपुढे एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला तू. वा! आईने आपल्याला एका ताटात जेवायला बसवलं ते यासाठीच. पहिल्यांदा मी वहिनीवरच ओरडले, मग तिची माफी मागितली, मग पुन्हा ओरडले. तुझ्याइतके पठारावरचे वणवे कोणी बघितलेले नाहीत. तू उभा राहून 'आग म्हणजे नाश' इतकं म्हणालास तरी माझा सगळा चिखल पाण्यात जाईल. हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. तुला येऊ नकोस म्हणणार नाही. ये आणि जे बघितलंस ते सांग.

दुसरी बातमी ही की तू वहिनीला विचारलंस, "वरच्या भागात काय आहे? हिने का लिहिलं नाही?"

तू ओळखलंसच. चिखलवाले मला बोलावत नव्हते. मला लिहवत नव्हतं.

लिहिते. वरच्या भागात रेघा थांबतात. तू पठारावर रुजू झालास, मनोरे उभारलेस, गस्त बसवलीस, उतारावर झाडं लावलीस, आणि जे कोणालाच कधी जमलं नव्हतं ते तू करून दाखवलंस. एकही आग लागू दिली नाहीस. गाळ स्वच्छ तपकिरी आहे, बोटभर. तुला त्याबद्दल पदक मिळालं, मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि त्या स्वच्छ गाळाच्या वर एक काळा पट्टा आहे. रेघ नाही, पट्टा. माझ्या अंगठ्याएवढा जाड. अख्ख्या नळीत तसा दुसरा नाही. चिखलवाल्यांनी साल सांगितलं, पण मला सांगायची गरज नव्हती. तो लंबूचा वणवा आहे.

लंबू नोकरीत तुझा जोडीदार होता, पण मला सायकल त्याने शिकवली होती, तू नाहीस. तू सीट सोडून पळून जायचास. आपल्या दाराच्या कोपऱ्यावर तो कोट अडकवायचा आणि आई रोज ओरडायची. तो त्या वणव्यात गेल्यावर आईने त्या कोपऱ्यावर खिळा ठोकला. मला त्याची फार आठवण येते, दादा. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण त्याचं दुःख जणू तुझ्या एकट्याच्या मालकीचं, असं घरात आपोआप ठरून गेलं होतं.

मी काय म्हणतेय ते तुला कळलंय. वर्षानुवर्षं न जळलेलं गवत साठलं, आणि मग एकदम पेटलं. तू नियमाने वागलास. तुला जे शिकवलं होतं ते तू मन लावून केलंस. मला तुझ्यावर ठपका ठेवायचा नाहीये. पण नळी मी समितीपुढे ठेवणार आहे आणि वरचा भाग कापून ठेवणार नाही, तू म्हणालास तरी. तो कापला तर मग मी कसली अभ्यासक? माझ्या तोंडून तुझं किंवा लंबूचं नाव येणार नाही, इतकं वचन देते. तिथे भर सभेत तुला पहिल्यांदा दिसण्यापेक्षा इथे चहाच्या कपाखाली दिसावं, म्हणून लिहिलं.

आज सहीला भोंगा लिहीत नाही.

तुझी बहीण


१९ डिसेंबर

दादा,

तू तिथे होतास, तुला सगळं ठाऊक आहे, तरी मी लिहिणार. हे कोणीतरी लिहून ठेवलंच पाहिजे, आणि माझा धंदाच तो आहे.

मी नळी टेबलावर ठेवली. समितीच्या अध्यक्षबाई वाकून बघत होत्या. रेघा दाखवल्या, भांडलेल्या जोड्यांची रीत सांगितली, मागे वारेवाली आपल्या माणसांना मोठ्याने सांगत होती की हे सगळं तिनेच मला शिकवलं. आणि वरच्या भागाशी आले तशी माझी पाचावर धारण बसली. पट्ट्यावरून बोट घसरवलं आणि म्हटलं, "आणि इथे वर अलीकडचा काळ आहे," आणि खाली बसले. अलीकडचा काळ! इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या पोराने असं लिहिलं असतं तर मी नापास केलं असतं.

मग तू उठलास. खात्याच्या वकिलांनी छान लोणी लावलं, तुझं पदक वगैरे. मग म्हणाले, "थोडक्यात, हे आरोपी सराईत आग लावणारे होते, असंच ना?"

तू चष्मा काढलास, पुसलास. वहिनी खरंच सांगते, तू महत्त्वाचं बोलायच्या आधी चष्मा पुसतोस.

"आग लावणारा पळतो," तू म्हणालास. "हे पळायचे नाहीत. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी बेड्या घेऊन जायचो, तर म्हणायचे, साहेब, जरा थांबा, विझू दे, मग येतो. मी थांबायचो. विझली की हात पुढे करायचे. मला वाटायचं, मूर्ख आहेत."

दादा, त्या तळघरात मी 'जागेवर पकडले, जागेवर पकडले' असं हजारदा वाचलं असेल. जागेवर का सापडत होते हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही! तुझ्या एका वाक्यात माझा अख्खा दुसरा अध्याय होता. मला तिथल्या तिथे उठून नाचावंसं वाटलं आणि त्याच वेळी तुला गदागदा हलवावंसं वाटलं.

वकील म्हणाले, आपण बसू शकता. तू बसला नाहीस. माझ्याकडे बघितलंही नाहीस. अध्यक्षबाईंना म्हणालास, "नळीचा वरचा भाग नीट दाखवायला सांगा. तो काळा पट्टा. त्यात माझा माणूस आहे."

मी नळी तुझ्यापुढे सरकवली. तू पट्ट्यावर बोट ठेवून सगळं सांगितलंस, मनोरे, गस्त, साठलेलं गवत, लंबू. तू म्हणालास, "मी आग थांबवली नाही, साठवली." मी रडले, सगळ्यांसमोर, आणि वारेवालीने मला तिचा काळा चष्मा दिला, रडताना घालायला.

साक्ष देऊन तू बाहेर पडलास, आणि आतलं सगळं उरकल्यावर मी जिन्यापर्यंत धावले. तू अजून गाडीतच बसला होतास. हाक मारली नाही. का मारली नाही ते पुढे सांगते, कारण आता घोळ पुढे आहे.

तू खोलीबाहेर गेल्यावर अध्यक्षबाईंनी ठरवलं: निकाल देण्याआधी त्यांना आग बघायची आहे. तळ्याकाठच्या ओल्या पट्ट्यालगत एक तुकडा, जुन्या रीतीने, जानेवारीत. पठारावरच्या माणसांत तिथल्या तिथे आनंदीआनंद झाला. आणि मग वारेवालीने विचारलं, "यंदा भांडलंय कोण?"

कोणीच नाही! दाव्यापायी सगळं पठार दोन वर्षं एक झालंय. ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची तोंडं पाहिली नाहीत ती एकमेकांच्या पोरांना खेळवतायत. रीत सिद्ध करायला सगळे इतके एक झाले की रीत पाळायला माणूस उरला नाही! मी डोक्याला हात लावला. दोघा मावसभावांनी एका शेळीवरून भांडायचा प्रयत्न केला, पण मधेच त्यांना हसू फुटलं. वारेवालीने त्यांना हाकलून दिलं. "खोट्या भांडणाने नजर ठरत नाही," म्हणाली. "वाऱ्याला नाही कळणार, पण तुम्हाला कळेल ना!"

आणि मग तिने तिचं ते ओलं बोट माझ्याकडे रोखलं. "पोरी, तुझा आणि त्या चष्मेवाल्या साहेबाचा अबोला खरा आहे ना?"

"खराच आहे," मी म्हटलं.

"किती मुरलाय?"

"चांगला मुरलाय."

"मग झालं तर!" आणि टाळी वाजवून ती निघूनही गेली.

तेव्हा दादा, अडला हरी म्हण, काहीही म्हण, तू ये. तू वाऱ्याच्या टोकाला, मी उलट्या टोकाला. मला आगीची भीती वाटते हे तुला माहीत आहे. तू समोर असशील तर मी तुझ्यावरची नजर काढणार नाही, कारण माझ्या बाजूने सुटली तर तू जन्मभर बोलून दाखवशील.

फक्त एक कर. आता विरघळू नकोस. फोन करू नकोस, पत्राला उत्तर देऊ नकोस, वहिनीकडून प्रेमाचा निरोप धाडू नकोस. जिन्यात मी हाक मारली नाही ती म्हणूनच, जिभेवर आली होती. मेहेरबानी करून जानेवारीपर्यंत अबोला टिकव.

भोंगा


१५ जानेवारी

दादा,

अजून केसांना धुराचा वास आहे. धुणार नाहीये.

तू आलास तेव्हा गाडीतून उतरून सरळ वारेवालीकडे गेलास आणि पाण्याच्या पिंपांची जागा बदलायला लावलीस. ती म्हणाली वारा तळ्याकडून आहे, तू म्हणालास नाही, आणि तुमचं दोघांचं असं जुंपलं की मला वाटलं जोडी बदलावी लागते की काय. वारा तू म्हणालास तसाच निघाला. तिने वाऱ्याला शिव्या घातल्या.

मग मी माझ्या टोकाला उभी होते, पलिता हातात, आणि पलीकडे गवताच्या पार तू, मूठभर दिसत होतास. माझी बाजू वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणून आधी मी पेटवायची. मी पेटवलं. दादा, ती किती हळू चालते! मी आयुष्यभर वाचलं, लिहिलं, भाषणं दिली, आणि मला माहीतच नव्हतं की आग अशी म्हातारीसारखी पावलं टाकत, गवत चाखत चाखत जाते. दोन्ही बाजूंनी आग झोडपायला डहाळ्या घेऊन लोक चालत होते. मी मात्र तुझ्याकडेच बघत होते. तू हात वर केलास की थांबायचं, खाली केलास की चालायचं, हे कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही. लहानपणी मागच्या गल्लीत रस्ता ओलांडताना तू असाच हात करायचास.

मग तू तुझी बाजू पेटवलीस आणि ती धावत आली. मला लंबू दिसला. तुलाही दिसला असणार, कारण तुझा हात वर गेला आणि वरच राहिला, खाली येईना. मी पण तिथून हात वर केला. आपण दोघं तसे हात वर करून उभे होतो, आणि मधे त्या दोन आगी भेटल्या. एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज झाला, आणि संपलं! धूर, राख, आणि पलीकडे हिरवं तळं जसंच्या तसं.

अध्यक्षबाईंनी टाळ्या वाजवल्या, मग त्यांना वाटलं असावं की शोभत नाही, म्हणून थांबल्या.

राखेतून मधे यायचं. एक वाक्य बोलायचं. मी वाटेत किती वाक्यं जुळवली! लंबूबद्दल एक होतं, आईबद्दल एक, एक अगदी सुंदर होतं, अलंकारांसकट. समोर आलास आणि भोंगा बंद! तू माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलंस आणि म्हणालास, "तुझ्या बुटाची नाडी सुटलीय, निखाऱ्यात जाईल."

आणि खाली वाकून बांधलीस. गुडघे दुखतात तुझे, तरी. मला फक्त तुझी टाळू दिसत होती, राख पडलेली. मी काय बोलले माहीत आहे? "घट्ट नको." तीन वर्षांच्या अबोल्यानंतर! पण वारेवाली म्हणाली, चालतं, काहीही चालतं.

भोंगा


२ मार्च

दादा,

निकाल आला! पठार 'राखलेली जमीन' म्हणून नोंदवलं गेलं, ओसाड हा शब्द खोडून. माणसं वरच राहणार. कुंपण रद्द, दरसालची आग मान्य, फक्त एक अट: एका टोकाला वणव्यांचा अनुभव असलेला माणूस उभा हवा. आणि पठाराची अट तुला माहीतच आहे, उभे राहणारे दोघं भांडलेले हवेत.

ही बातमी घेऊन मी धावत वारेवालीकडे गेले. सगळं पठार अंगणात होतं. गलबला ओसरल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, "ते भाऊ-बहीण विचारत होतीस ना? सारखे सारखे पकडले जाणारे?"

"हो. ते कधी मिटवायचेच नाहीत."

"मिटवायचो की. दर साली राखेत मिटवायचो." तिने चष्मा काढला. "पण तो दूर राहायला गेला होता, खाली. भांडण असेल तरच त्याला वर बोलवायचे. मग मीच काहीतरी काढायची. एकदा त्याची छत्री लपवली, एकदा त्याचा कुत्रा पळवला. खरं भांडण लागतं ना! तो तणतणत यायचा. आला की बरं वाटायचं."

मग तिने चष्मा पुन्हा चढवला आणि अंगणातल्या माणसांत परत गेली.

तर दादा, आपलं मिटलं. वहिनी म्हणते तू आजकाल शीळ घालतोस आणि रविवारी मला जेवायला बोलवणार आहेस. फार वाईट झालं. मिटलेली माणसं पुढच्या जानेवारीत बाद, आणि मला दुसरं कोणी समोर नकोय.

म्हणून काल तू बाजारात गेला होतास तेव्हा मी येऊन बाबांचं यंत्र भिंतीवरून उचलून आणलंय. वहिनीने स्टूल धरलं होतं. आता ते माझ्या भिंतीवर आहे, अजून 'वादळ'वरच. खोटं भांडण चालत नाही, म्हणून खरंच उचललंय, आणि खरंच परत देणार नाही. वाटणीत ते तुझं होतं. ही उघड चोरी आहे. तणतणत ये.

भोंगा